'मदर ३' इंग्रजीत येईपर्यंत काय करायचं?

प्रिय ताई,

मी मूळचा साताऱ्याचा. सध्या पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुने जपानी व्हिडिओ गेम हा माझा जीव की प्राण. 'अर्थबाउंड' खेळून संपवला तेव्हापासून त्याचा पुढचा भाग 'मदर ३' इंग्रजीत कधी येतो याची वाट बघतोय. तो खेळ बनवणाऱ्या निन्टेंडो या जपानी कंपनीची नव्या खेळांची घोषणा असली की रात्री जागतो, 'मदर ३'चं नाव निघत नाही आणि पुढचा दिवस वाईट जातो. रूममेट म्हणतो, चाहत्यांनी केलेलं भाषांतर आहे ना, त्याचा पॅच (मूळ खेळावर चढवायची छोटी फाइल) लाव आणि खेळून टाक. मला ती चोरी वाटते. त्यात आम्ही चार मित्र मिळून एखादा जुना जपानी खेळ स्वतःच भाषांतरित करायचं म्हणतोय, इंग्रजीत आणि जमलं तर मराठीतही. माझी जपानीची एन४ (भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) झाली आहे. घरी कळलं तेव्हा बाबा म्हणाले, "हे धंदे बंद कर आणि अभ्यासाला लाग." मी वाट बघू, पॅच लावू की सगळंच सोडून देऊ? आणि तुमच्या मते कोणत्या जुन्या खेळांचं अधिकृत भाषांतर व्हायलाच हवं?

तुमचा एक वाचक, सदाशिव पेठ

---

प्रिय मित्रा,

सोडून काहीच देऊ नकोस. थांबवायची असेल तर एकच गोष्ट थांबव, ती म्हणजे रात्री जागून घोषणेची वाट बघणं. मी जपानीतून भाषांतर करून पोट भरते. यंत्रांची मॅन्युअलं आणि करारनामे हे माझं रोजचं काम, आणि खेळ ही फार जुनी आवड. त्यामुळे तुझी तळमळ मला समजते. पण अशी घोषणा का होते आणि का होत नाही, हे एकदा नीट कळलं की तू प्रत्येक वेळी इतकं मनाला लावून घेणार नाहीस.

'मदर' मालिकेचंच बघ. पहिला 'मदर' १९८९ साली जपानमध्ये फॅमिकॉम या निन्टेंडोच्या घरगुती गेम-यंत्रावर आला. निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेने त्याचं इंग्रजी भाषांतर तेव्हाच पूर्ण करून घेतलं होतं. मजकूर लिहून झालेला, खेळात बसवलेला. तरी तो विक्रीला आला नाही. १९९०च्या दशकाच्या शेवटी त्याची एक नमुना कॅसेट चाहत्यांच्या हाती लागली आणि लोक तिच्यावरून तो खेळू लागले. अधिकृतपणे तो 'अर्थबाउंड बिगिनिंग्ज' या नावाने मिळाला तो थेट २०१५ मध्ये, वी यू या यंत्रावर. म्हणजे भाषांतर हातात तयार असूनही ते दोन तपांच्या वर कपाटात पडून होतं. भाषांतर होणं आणि खेळ बाजारात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी बहुतेक वेळा जास्त अवघड असते.

'मदर ३'ची गोष्ट आणखी गुंत्याची. आधी तो निन्टेंडो ६४ या यंत्रासाठी तयार होत होता. २००० साली तो प्रकल्प रद्द झाला. मग नव्याने हाती घेऊन एप्रिल २००६ मध्ये तो गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रावर आला. तोवर त्याच्या पुढचं यंत्र, निन्टेंडो डीएस, बाजारात येऊन वर्षाच्या वर झालं होतं. ज्या यंत्राचे दिवस भरत आलेत त्याच्यासाठी एवढा मजकूर भाषांतरित करायचा, तो तपासायचा, वयोगटाचं प्रमाणपत्र घ्यायचं, कॅसेटी बनवायच्या आणि दुकानदारांच्या गळी उतरवायच्या. त्यात आधीचा भाग, म्हणजे तुझा लाडका 'अर्थबाउंड', १९९५ साली अमेरिकेत फारसा खपला नव्हता. हिशेब मांडणाऱ्याने या सगळ्यावर फुली मारली असेल तर मला त्यात दुष्टपणा दिसत नाही. मला राग येतो तो त्यानंतरच्या वर्षांचा. २००८ मध्ये निन्टेंडोची पात्रं एकमेकांशी लढवणारा 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल' आला आणि त्यात 'मदर ३'चा नायक लुकास साऱ्या जगाला खेळायला मिळाला. त्याचा स्वतःचा खेळ मात्र जपानबाहेर आला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्विच या यंत्रासाठीच्या निन्टेंडो स्विच ऑनलाइन या वर्गणीच्या सेवेत, जुन्या खेळांच्या यादीत 'मदर ३' आला, तोही जपानपुरता आणि जपानीतच.

तू अजून खेळला नाहीस, म्हणून गोष्ट फोडत नाही. एवढं सांगते, की लेखक शिगेसातो इतोई हे जपानमधले नावाजलेले जाहिरातलेखक, आणि त्यांनी या खेळात पैसा ठाऊक नसलेलं एक गाव उभं केलं आहे. पुढे त्या गावात पैसा येतो, घरोघरी सुखाचे म्हणून खोके येतात, माणसं त्यांच्यापुढे बसून राहतात, आणि ज्या शेजाऱ्यांशी आपण पहिल्या प्रकरणात गप्पा मारल्या त्यांचं बोलणं हळूहळू बदलत जातं. गावातल्या प्रत्येकाशी पुन्हा पुन्हा बोलत राहिलं तरच ते जाणवतं. मारामारीसुद्धा संगीतावर चालते. पार्श्वसंगीताच्या ठेक्यावर बटण दाबत गेलं तर एकावर एक सोळा फटके बसतात. काही ठेके इतके आडवळणी आहेत की ते कानाला सापडतच नाहीत. तेव्हा शत्रूला झोपवायचं. तो झोपला की त्याच्या काळजाचे ठोके ऐकू येतात आणि त्यांत ठेका उघडा पडतो. ही गोष्ट एकदा हाताला कळली की हा खेळ काय ताकदीच्या माणसांनी केलाय ते कळतं.

आता पॅचचं. चाहत्यांच्या एका गटाने केलेलं 'मदर ३'चं हे इंग्रजी भाषांतर ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या गटाचं नेतृत्व करणारा क्लाइड मॅंडेलिन हा पेशाने जपानी-इंग्रजी भाषांतरकार, म्हणजे काम कच्चं नाही. २०१३ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं, की निन्टेंडोला हवं असेल तर आमचं सगळं काम फुकट वापरावं. कंपनीने ते घेतलं नाही.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर तुझी शंका रास्त आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात भाषांतराचा हक्क मूळ हक्कदाराचा असतो, आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅम हीही त्या कायद्यात साहित्यकृतीच धरली जाते. त्यामुळे परवानगीशिवाय केलेलं भाषांतर रीतसर आहे, असं मी तुला सांगणार नाही. पण चोरी हा शब्द तू नेमका कशाला लावतोस ते तपास. पॅचच्या फाइलमध्ये खेळ नसतो. मूळ फाइल आणि भाषांतरित फाइल यांच्यातला फरक तेवढा असतो. अख्खा खेळ फुकट उतरवून घेतला तर तिथे मला चोरी दिसते. माझा सल्ला असा, की जपानमधून 'मदर ३'ची मूळ कॅसेट सेकंडहँड मागव. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला देशाचं कुलूप नसतं, जपानी कॅसेट कुठल्याही यंत्रावर चालते. सेकंडहँडचे पैसे कंपनीला जात नाहीत हे मान्य, पण खेळ तुझ्या मालकीचा होतो आणि त्यानंतर पॅच लावलास तर मी तुला नावं ठेवणार नाही.

त्याआधी एक प्रयत्न कर, जपानीतच खेळून बघ. 'मदर ३'चा मजकूर जवळपास सगळा हिरागाना-काताकाना या उच्चाराप्रमाणे लिहायच्या लिप्यांत आहे. कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, अडवत नाहीत, त्यामुळे एन४ झालेल्या मुलाला ते मोठ्याने वाचता येतं आणि शब्दकोशात पटकन शोधता येतं. अडचण एकच, कांजी नसल्यामुळे एकाच उच्चाराच्या दोन शब्दांत संदर्भावरून निवड करावी लागते. पण ते शिकायला यासारखा दुसरा वर्ग नाही. पहिलं प्रकरण तसं खेळ. वहीत लिहून घे, कोण कुणाशी कसं बोलतं ते. मग पॅच लावून तेच प्रकरण पुन्हा खेळ आणि मॅंडेलिनच्या गटाने तिथे काय केलं ते बघ. तुम्हा चौघांना भाषांतर करायचंय ना? मग अभ्यास इथून सुरू होतो.

तू म्हणशील, पॅचवर एवढं चांगलं भाषांतर आहे, कॅसेट मिळते, मग अधिकृत आवृत्तीसाठी एवढा जीव का काढायचा? माझं म्हणणं हेच आहे, की ती तुझ्यासाठी नाहीच. तू कुठूनही तुझा खेळ मिळवशील. ती हवी आहे ज्याला पॅच हा शब्द ठाऊक नाही त्याच्यासाठी. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जे 'टीव्ही गेम' आले ती बहुतेक फॅमिकॉमची नक्कल होती. पिवळ्या कॅसेटीत शेकड्यांनी खेळ असल्याचा दावा असायचा आणि त्यांत मध्येच एखादा जपानी अक्षरांचा खेळ निघायचा. दोन मिनिटं वाटेल ती बटणं दाबायची, काही उमगत नाही म्हटल्यावर रिसेट मारायचं आणि 'कॉन्ट्रा' लावायचा. साताऱ्यापासून नागपूरपर्यंत लाखो पोरांनी असं रिसेट मारलं असेल. आज तेच दहा वर्षांचं पोर स्विच उघडतं, यादीत जे दिसतं ते खेळतं. यादीत नसलेला खेळ त्याच्यापुरता अस्तित्वातच नसतो. शिवाय अधिकृत आवृत्तीत भाषांतरकाराला पगार मिळतो आणि श्रेयनामावलीत नाव येतं. माझ्या पेशातल्या बाईला ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची वाटते.

माझी यादी विचारलीस. तिच्यात पहिलं नाव 'मदर ३'चं नाही, 'बोकु नो नात्सुयासुमी २'चं आहे. २००२ सालचा प्लेस्टेशन २ वरचा खेळ. दिग्दर्शक काझ आयाबे, त्यांचा स्टुडिओ मिलेनियम किचन, प्रकाशक सोनी. साल १९७५. आई बाळंतपणाला टेकलेली, म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला समुद्राकाठच्या गावी नातेवाइकांकडे पाठवलंय. १ ऑगस्टला खेळ सुरू होतो आणि ३१ ऑगस्टला संपतो. जगाला वाचवायचं नाही, कुणाला हरवायचं नाही. जाळी घेऊन किडे पकडायचे, भुंगेऱ्यांची झुंज लावायची, गळ टाकून बसायचं, समुद्रात बुड्या मारायच्या, बाटल्यांची बुचं गोळा करायची. मे महिन्याची सुट्टी आजोळी काढलेल्या माणसाला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही.

त्याची रचना मात्र फार कसलेल्या हाताची आहे. प्रत्येक जागा म्हणजे एक रंगवलेलं स्थिर चित्र. त्यातून चालत पुढच्या चित्रात गेलं की घड्याळाचा काटा पुढे सरकतो. म्हणजे वेळ जाते ती चालण्यात. टेकडीवर जायचं की किनाऱ्यावर, हे ठरवायला हवं, कारण दोन्ही करता करता जेवणाची हाक येते आणि दिवस संपतो. रात्री मुलाच्या चित्रांच्या डायरीत दिवसभरात केलेलं उमटतं. मोठा झालेला तोच मुलगा मधूनमधून त्या दिवसांविषयी बोलतो, आणि आपल्या लक्षात येतं, की जेवताना मोठी माणसं एकमेकांशी जे अर्धवट बोलत होती त्यात एक वेगळीच गोष्ट चालली होती, जी नऊ वर्षांच्या पोराला कळली नव्हती.

म्हणूनच या खेळाला उत्तम भाषांतरकार लागतो. मारामारीच्या खेळात मजकूर सुमार असला तरी हात चालत राहतात. इथे बोलण्याशिवाय दुसरा आधारच नाही. मुलाची भाषा, शेजारणीची, पाहुण्याची, गप्प बसणाऱ्या माणसाची, हे सगळं वेगळं ऐकू यायला हवं. २०२३ मध्ये चाहत्यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर पूर्ण केलं आणि ते काम फार मनापासून झालेलं आहे. 'असा खेळ विकला जाणार नाही' हे कारणही आता सोनीकडे उरलेलं नाही. याच आयाबेंनी शिनचॅनला घेऊन क्यूशूतल्या गावच्या सुट्टीवर खेळ केला, तो २०२२ मध्ये अधिकृत इंग्रजीत आला. त्यांचाच 'नात्सु-मोन' २०२४ मध्ये आला. शिनचॅन आपल्याकडे टीव्हीमुळे पोराटोरांच्या ओळखीचा, तेव्हा घरात लहान भावंडं असतील तर त्यांना घेऊन तो खेळ. आयाबेंची धाटणी कळायला ती सगळ्यात सोपी वाट आहे, आणि पैसेही योग्य जागी जातात.

दुसरं नाव 'फायर एम्ब्लेम' या निन्टेंडोच्या युद्धनीतीच्या मालिकेतल्या चौथ्या भागाचं, 'सेइसेन नो केइफु'. १९९६, सुपर फॅमिकॉम, म्हणजे फॅमिकॉमच्या पुढचं यंत्र. शोझो कागा यांनी रचलेला. एकेक रणांगण अवाढव्य, त्यात गावं, किल्ले आणि डझनभर पात्रं. निम्म्यावर कथा एक पिढी पुढे जाते आणि पहिल्या पिढीत कुणाचं कुणाशी लग्न लागलं यावर पुढच्या मुलांची कौशल्यं ठरतात. भारतीय वाचकाला यातला घराण्यांचा, वारसांचा, एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या सोयऱ्यांचा ताण लगेच कळतो. यातला पहिल्या पिढीचा नायक सिगुर्द २०१७ पासून 'फायर एम्ब्लेम हीरोज'मध्ये मोबाइलवर आणि २०२३ पासून 'फायर एम्ब्लेम एंगेज'मध्ये जगभर विकला जातोय. ज्या खेळात तो जगला तो मात्र जपानीबाहेर अधिकृतपणे मिळत नाही. 'मदर ३'च्या लुकासची जी गत, तीच सिगुर्दची. मला हे फार खटकतं. पात्र लोकांना आवडतं हे कंपनीला कळलंय, तर त्याची गोष्टही द्यायला हवी.

बाकीची नावं भराभर सांगते. १९९२चा गेम बॉयवरचा 'काएरु नो तामे नी काने वा नारू', छोटा आणि खट्याळ. पुढे त्यातला राजपुत्र रिचर्ड 'झेल्डा : लिंक्स अवेकनिंग'मध्ये दिसतो. १९९४चा हिदेओ कोजिमांचा 'पोलिसनॉट्स', कारण त्यांचा 'स्नॅचर' त्याच वर्षी सेगा सीडीवर इंग्रजीत आला होता आणि हा राहूनच गेला. १९९६चा सेगा सॅटर्नवरचा पहिला 'साकुरा ताइसेन', ज्याचा पाचवा भाग २०१० मध्ये इंग्रजीत येऊन गेला तरी पहिल्याची वाट कुणी मोकळी केली नाही. यादी याहून लांबवता येईल, पण दुर्मीळ आहे एवढ्यासाठी कुठलाही खेळ मागू नये असं मला वाटतं. जो आज नव्याने खेळणाऱ्याला काही देईल तोच मागावा.

आणि मागून मिळतच नाही असं समजू नकोस. 'सेइकेन देन्सेत्सु ३' १९९५चा, चाहत्यांनी २००० साली भाषांतरित केला, स्क्वेअर एनिक्स या कंपनीने २०१९ मध्ये अधिकृत इंग्रजीत आणला. 'मून' १९९७चा, २०२० मध्ये आला. 'लाइव्ह अ लाइव्ह' १९९४चा. त्याची पात्रं सात वेगवेगळ्या मांगा (जपानी चित्रकथा) चित्रकारांनी काढलेली, म्हणजे हक्कांचा गुंता आलाच. तरी मूळ दिग्दर्शक ताकाशी तोकिता यांच्या देखरेखीखाली २०२२ मध्ये तो नव्या रूपात जगभर आला. पहिला 'फायर एम्ब्लेम' ३० वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये इंग्रजीत आला, पण ३१ मार्च २०२१ ला विक्री बंद झाली. चार महिन्यांत ज्याने घेतला त्याने घेतला. तेव्हा आवडीचा जुना खेळ अधिकृतपणे आला की पहिल्या आठवड्यात घे. सवलतीची वाट बघत बसू नकोस. त्या आठवड्यातल्या आकड्यांवर पुढच्या खेळाचा निर्णय होतो.

आता तुम्हा चौघांच्या बेताविषयी. करा. मात्र दोन उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवा. 'झिरो नो किसेकी' हा २०१० सालचा खेळ जिओफ्रंट नावाच्या चाहत्यांच्या गटाने २०२० मध्ये इंग्रजीत आणला. काम इतकं चोख, की २०२२ च्या अधिकृत आवृत्तीसाठी तेच भाषांतर पाया म्हणून घेतलं गेलं. अधिकृत आवृत्ती जाहीर होताच गटाने आपला पॅच काढून घेतला. याउलट 'फायनल फँटसी टाइप-०'चा चाहत्यांचा पॅच २०१४ मध्ये आला आणि काही आठवड्यांतच स्क्वेअर एनिक्सच्या दबावाने उतरवावा लागला. अधिकृत आवृत्ती २०१५ मध्ये आली. म्हणजे हक्कदार जागा असेल आणि त्याचा बेत ठरलेला असेल तर तुमचं काम एका पत्राने थांबू शकतं, याची मनाची तयारी हवी. ज्या खेळाची नवी आवृत्ती येण्याची चर्चा आहे तो निवडू नका. पैसे मागू नका, देणग्याही घेऊ नका. मूळ खेळाची फाइल कुणालाही देऊ नका. काम पूर्ण होईपर्यंत गाजावाजा करू नका. अर्धवट सोडलेले असे प्रकल्प ढिगाने आहेत, म्हणून पहिला खेळ छोटा घ्या, दोन-तीन तासांत संपणारा, आणि तो पूर्ण करा.

मराठीचा विचार तू जाता जाता लिहिलास, पण मला तोच जास्त आवडला. त्यात तुझ्या इंजिनिअरिंगचा कस लागेल. जुन्या खेळात अक्षरं ठरावीक चौकटींत बसतात, बहुधा ८ बाय ८ किंवा ८ बाय १६ ठिपक्यांच्या. काताकानातलं अक्षर तिथे सुखाने मावतं. आता 'राष्ट्रीय'मधला 'ष्ट्री' घे. वर वेलांटी, मध्ये शिरोरेषा, खाली एकावर एक चढलेलं जोडाक्षर. आठ ठिपक्यांच्या उंचीत त्याचा चुराडा होतो. ऱ्हस्व वेलांटी टंकताना व्यंजनानंतर येते आणि दिसते आधी. जुन्या यंत्राला यातलं काहीही समजत नाही. म्हणजे तुम्हाला मजकूर आधीच आकारांच्या क्रमाने मांडून द्यावा लागेल, लागणारी सगळी जोडाक्षरं मोजून त्यांच्या चौकटी रंगवाव्या लागतील, शिरोरेषा दोन चौकटींच्या सांध्यात तुटू नये हे बघावं लागेल, आणि अक्षरांची रुंदी कमीजास्त करू देणारा नवा कोड खेळात घुसवावा लागेल. मोठा खेळ घेतलात तर यातच वर्ष जाईल. पण एका लहानशा खेळातल्या दहा पाट्या जरी स्वच्छ मराठीत पडद्यावर उमटल्या तरी ते दाखवण्यासारखं काम होईल. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असशील तर मार्गदर्शकांना यातला फॉन्टचा आणि मजकूर मांडण्याचा भाग दाखव. त्याला कुणाच्याही खेळाची फाइल लागत नाही. स्वतः लिहिलेल्या छोट्या डेमोवर ते करता येतं.

हाच धागा धरून बाबांशी बोल. त्यांना दिसतंय की मुलगा रात्री जागून कसल्यातरी घोषणा बघतो आणि सकाळी तोंड पाडून बसतो. ते बघून कुठलाही बाप तेच बोलेल. त्यांच्याशी खेळांबद्दल वाद घालू नकोस. रात्रीचं जागरण बंद कर, ती घोषणा सकाळी वाचता येते. एन३ साठी फॉर्म भर आणि परीक्षेची तारीख त्यांना सांग. पुण्यात जपानी येणाऱ्या इंजिनिअरला काम मिळतं हे त्यांना कुणीही सांगेल, आणि खेळांचं भाषांतर व भाषेची तपासणी हा पगारी पेशा आहे हे तू सांग. सेमिस्टरच्या परीक्षेआधीचा महिना प्रकल्पाला हात लावायचा नाही, हे चौघांनी लिहून ठेवा आणि तो कागद बाबांना दाखव. त्यांनी तरी नाही म्हटलं, तर सुट्टीपर्यंत थांब. तेवढ्या काळात ते वीस वर्षांपूर्वीचे खेळ कुठे पळून जात नाहीत.

राहिला मागणीचा प्रश्न. घोषणेच्या वेळी हजारो लोक एकदम 'मदर ३, मदर ३' लिहितात त्याचा उपयोग होताना मला दिसलेला नाही. भाषांतरकारांना शिव्या घालण्याचा तर मुळीच नाही. निर्णय त्यांच्या हातात नसतो. उपयोग झाल्याचं एक उदाहरण मात्र नक्की आहे. २०११ मध्ये 'ऑपरेशन रेनफॉल' नावाने चाहत्यांनी वी यंत्रावरचे तीन खेळ अमेरिकेत आणा म्हणून मोहीम चालवली. त्यांनी पत्रं लिहिली, पण त्याहून मोठं काम केलं ते खिशात हात घालून: त्या तिघांतल्या 'झेनोब्लेड'ची आगाऊ नोंदणी करून तो अ‍ॅमेझॉनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर नेला. एप्रिल २०१२ मध्ये तो अमेरिकेत आला. त्याचं इंग्रजी भाषांतर युरोपसाठी आधीच झालेलं होतं, त्यामुळे त्यांची लढाई सोपी होती हे ध्यानात घे. पण पैसे द्यायला तयार असलेली माणसं आकड्यांत दिसली, यानेच काम झालं.

म्हणून तुम्ही चौघे वेगवेगळी चार पत्रं लिहा. एका पत्रात एकच खेळ. इंग्रजीत लिहून पाठवा आणि सोबत जपानी मजकूरही जोडा, एका पानात संपणारा. कोण आहोत, कुठून लिहितोय, त्याच कंपनीचे कोणकोणते खेळ विकत घेतलेत, हा जुना खेळ कुठल्या यंत्रावर मिळाला तर घेऊ, एवढं स्पष्ट लिहा. फुकट भाषांतर करून देऊ असं चुकूनही लिहू नका. मॅंडेलिनने तसं म्हटलं ते त्याचं पूर्ण झालेलं काम हातात असताना. तुम्ही ज्या पेशात यायचं म्हणताय त्यातली मजुरी आधीच शून्य सांगू नका. 'बोकु नो नात्सुयासुमी'साठी सोनीला लिहिणार असाल तर शिनचॅनच्या खेळाचा उल्लेख जरूर करा. भारतातून आलेल्या पत्रात तो मुद्दा वजनदार ठरेल. जपानी मसुदा झाला की या सदराच्या पत्त्यावर पाठव. त्यातली आदरार्थी क्रियापदं मी तपासून देईन, कारण एन४ वर केइगो, म्हणजे जपानीतली आदरार्थी भाषा, नीट झालेली नसते आणि पहिल्याच ओळीत तिथे घसरलेलं पत्र पुढे वाचावंसं वाटत नाही.

तुझी,
ताई